गोल्फ फोरला चारही चाकांची ओढ देताना : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी कामाचा क्रम

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी ऑल व्हील ड्राइव्ह करणे म्हणजे मागे एक डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांत ओढ वाटणारा गिअरचा संच) लटकवून त्याला लांब शाफ्ट जोडणे, असा समज या कामाकडे वळणाऱ्या बहुतेकांच्या मनात असतो. प्रत्यक्षात गिअर, शाफ्ट आणि बेअरिंग हा या कामातला सोपा भाग आहे. खरा कस लागतो तो मागच्या पत्र्याच्या कामात आणि गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी बोलते करण्यात. म्हणून पहिला नियम असा, की हे काम सुट्या भागांची जमवाजमव करून होत नाही. त्याच घराण्यातल्या, कारखान्यातूनच चारही चाकांच्या ओढीसह निघालेल्या एका संपूर्ण गाडीचा सांगाडा हाताशी असेल तरच हातात पाना घ्यावा.

पुढचे विवेचन 1997 साली आलेल्या चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फवर बेतलेले आहे. जर्मनी, ब्रिटन आणि आसपासच्या देशांत या गाड्या आणि त्यांचे भाग अजून मिळतात, आणि एकाच प्लॅटफॉर्मवर गोल्फ, बोरा, ऑडी ए थ्री, ऑडी टीटी, सेआट लेऑन आणि पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया अशी भावंडे उभी असल्यामुळे चारही चाकांच्या ओढीचा कारखानी संच शोधायला वाव आहे.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच

हीच पहिली ऑक्टाव्हिया औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे जुळवली जात असे, आणि महाराष्ट्रात आजही ती जपणारे अनेक जण आहेत. त्यांपैकी कोणाला हे वाचून मोह झाला, तर त्यांनी मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 आधी वाचावे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर आलेल्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बॉडी कापून मागचा संपूर्ण आस बदलणे हे त्यात बसणारच. तेव्हा आपल्याकडच्या रस्त्यावर चालवायच्या गाडीवर हे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जर्मनीत वाट आहे, पण ती तपासनिसाच्या टेबलावरून जाते. अशा बदलानंतर गाडीला रस्त्यावर चालण्यासाठी मिळालेली मान्यता रद्दबातल ठरते आणि त्या एका गाडीची स्वतंत्र तपासणी होऊन ती नव्याने मिळवावी लागते. ही तपासणी करणाऱ्या अधिकृत अभियंत्याला काम संपल्यावर नव्हे, तर डोनर गाडी, म्हणजे जिचे भाग काढून घ्यायचे ती गाडी, विकत घेण्याच्याही आधी भेटावे. कोणत्या गाडीचा संच, कोणता पत्रा, जोड कुठे येणार, हे कागदावर काढून दाखवावे आणि त्याला वेल्डिंगचे फोटो कोणत्या टप्प्यावर हवे आहेत ते लिहून घ्यावे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी मोनोकॉक बॉडी (जिचा पत्राच सांगाड्याचे काम करतो) कापण्यापूर्वी डीव्हीएलए, म्हणजे वाहन नोंदणीचे सरकारी खाते, आणि विमा कंपनी या दोघांनाही विचारून घ्यावे, कारण तिथे बॉडीला हात लावल्याने गाडीच्या नोंदणीचीच फेरतपासणी होऊ शकते.

ही यंत्रणा चालते कशी

या घराण्यातल्या गाड्यांत इंजिन आडवे बसते. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला एक बेव्हल बॉक्स असतो. तो फिरण्याची दिशा काटकोनात वळवून प्रॉपशाफ्टकडे, म्हणजे मागे ओढ नेणाऱ्या लांब शाफ्टकडे, देतो. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मध्ये बॉडीला टांगलेल्या बेअरिंगवर फिरतो आणि मागे हॅल्डेक्स कपलिंगला मिळतो. कपलिंगच्या पाठोपाठ, त्याच घडणीत, मागचे डिफरन्शिअल असते.

हॅल्डेक्स कपलिंग हे तेलात बुडालेल्या अनेक तबकड्यांचे क्लच आहे. पुढची चाके घसरू लागली की प्रॉपशाफ्ट मागच्या आसापेक्षा वेगाने फिरतो. त्या फरकामुळे कपलिंगमधले पिस्टन पंपासारखे काम करतात, तेलाचा दाब वाढतो आणि तबकड्या एकमेकींवर दाबल्या जातात. किती दाब टिकू द्यायचा हे एक झडप ठरवते, आणि त्या झडपेला हलवणारी छोटी मोटर कंट्रोलरच्या हुकमात असते. याशिवाय एक विजेवर चालणारा छोटा पंप इंजिन चालू होताच तेलाला प्राथमिक दाब देऊन ठेवतो, म्हणजे पिस्टनांना काम सुरू करायला वेळ लागत नाही. हा कंट्रोलर इंजिनचा टॉर्क, फेरे आणि अॅक्सिलरेटरची स्थिती ईसीयूकडून, म्हणजे इंजिनच्या संगणकाकडून, घेतो, चारही चाकांचा वेग एबीएसकडून घेतो, आणि ब्रेक किंवा हँडब्रेक लागला की त्याप्रमाणे कपलिंग मोकळे करतो. हे सगळे संदेश कॅन नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावरून येतात. ही एक गोष्ट नीट समजली तर पुढची निम्मी खरेदी चुकत नाही.

डोनर गाडीची निवड

गोल्फ किंवा बोरा फोरमोशन, ऑडी एस थ्री, ऑडी टीटी क्वाट्रो, सेआट लेऑनची चारही चाकांची आवृत्ती, ऑक्टाव्हिया फोर बाय फोर यांपैकी कोणतीही चालते. फोरमोशन हे फोक्सवॅगनचे आणि क्वाट्रो हे ऑडीचे, चारही चाकांच्या ओढीच्या गाड्यांना दिलेले नाव. इथे एक फसगत होते. ऑडीची ए फोर किंवा त्याच काळातली पसाट यांचेही क्वाट्रो आणि फोरमोशन असते, पण त्यांत इंजिन उभे बसते आणि मधे टॉर्सन नावाचे यांत्रिक डिफरन्शिअल असते. नाव तेच असले, तरी त्यातला एकही भाग या कामाला येत नाही.

शक्यतो आपल्या गाडीचे जे इंधन, तेच डोनर गाडीचे असावे. डिझेल गोल्फला पेट्रोल टीटीचा संच बसवता येतो, परंतु मग टाकीतला पंप आणि मापक वेगळे आणावे लागतात, आणि पेट्रोलच्या गिअरबॉक्सची दातसंख्या डिझेल इंजिनाच्या स्वभावाला जुळत नाही; महामार्गावर इंजिन विनाकारण वरच्या फेऱ्यांवर ओरडत राहते.

अपघातग्रस्त गाडी स्वस्तात मिळते आणि ती घ्यायला हरकत नाही, पण धडक पुढून बसलेली असावी. मागून ठोकलेल्या गाडीचा मागचा पत्रा वरवर सरळ दिसला तरी मोजमापात वाकडा निघतो, आणि आपल्याला नेमका तोच पत्रा हवा असतो. सांगाडा संपूर्ण घ्यावा. बेव्हल बॉक्स, प्रॉपशाफ्ट आणि मागचे डिफरन्शिअल एकाच गाडीचे असावेत. बेव्हल बॉक्स शाफ्टचा वेग वाढवतो आणि मागचे डिफरन्शिअल तो पुन्हा उतरवते, त्यामुळे दोन्हीकडचे प्रमाण जुळले नाही तर पुढची आणि मागची चाके कायम एकमेकांशी भांडत राहतात आणि कपलिंग जळते.

आपल्या स्वतःच्या गाडीकडेही डोळसपणे पाहावे. अॅक्सिलरेटरला केबल असलेल्या सुरुवातीच्या 1.8 टर्बो गाड्यांचा, म्हणजे एजीयू इंजिनवाल्यांचा, ईसीयू हॅल्डेक्सला हवे ते संदेश कॅनवर पाठवत नाही. अशा गाडीत इंजिनाचे संपूर्ण व्यवस्थापन आणि वायरिंगही बदलावे लागते. नवख्याने अशी गाडी या कामासाठी घेऊ नये. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची, नंतरची गाडी घ्यावी.

आणि हे सगळे मांडून झाल्यावर एकदा प्रामाणिकपणे हिशेब करावा. तयार फोरमोशन गाडी बहुधा या कामाच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते. बर्फातून घरी सुखरूप पोहोचणे एवढाच हेतू असेल, तर चांगले हिवाळी टायर त्यासाठी पुरेसे आहेत. जी गाडी आपल्याला सोडवत नाही, तिच्यासाठीच हे काम करावे.

उतरवणे आणि मोजणे

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करता येतील, लिफ्ट असेल आणि निदान काही आठवडे कोणी हलवायला सांगणार नाही, अशी जागा लागते. आम्ही भाड्याने मिळणाऱ्या वर्कशॉपमध्ये सुरुवात केली आणि तासांवर पैसे मोजताना पत्र्याच्या कामात घाई झाली. तो जोड पुढे पुन्हा उघडावा लागला. त्यापेक्षा शेतावरचे एखादे कोठार महिनाभर भाड्याने घेणे परवडते.

सर्वप्रथम बॅटरी काढावी आणि काही वेळ थांबून एअरबॅग आणि सीटबेल्टच्या ताण देणाऱ्या यंत्रणेचे प्लग सोडवावेत. त्यानंतर इंधनाची टाकी रिकामी करून उतरवावी आणि ती इमारतीबाहेर, वेल्डिंगच्या ठिणगीपासून लांब ठेवावी. इंधनाच्या नळ्यांची तोंडे बंद करावीत. मागची सीट, गालिचा, बूटमधले आवरण, मागचा टॉर्शन बीम (मागची दोन चाके एकमेकांना जोडणारा आडवा दांडा), एक्झॉस्ट, ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकच्या केबल काढल्यावर बॉडीचा मागचा भाग मोकळा होतो.

कापण्याआधी मोजमाप घ्यावे. डोनर गाडीच्या मागच्या सबफ्रेमची (सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीची) बोल्टची भोके, मागच्या डँपरची (शॉक अॅब्सॉर्बरची) वरची बैठक आणि पुढच्या सबफ्रेमची भोके यांमधली कर्णरेषेतली अंतरे दोन्ही बाजूंनी घेऊन कागदावर आराखडा काढावा. हेच आकडे नवा पत्रा बसवताना एकमेव आधार असतात. आपल्या गाडीच्या दारांच्या चौकटीत चौकोनी नळ्यांचे आडवे आणि तिरके आधार तात्पुरते वेल्ड करावेत, कारण मागचा तळ काढला की मोनोकॉकचे डबे सैल होतात आणि दारे नंतर बसत नाहीत.

मागचा पत्रा

साध्या गोल्फमध्ये मागे टॉर्शन बीम असतो आणि त्याच्या मागे स्पेअर चाकासाठी खोल खड्डा. फोरमोशनमध्ये स्वतंत्र सस्पेन्शन असते, ते एका सबफ्रेमवर बसते, टाकी खोगिराच्या आकाराची असते म्हणजे शाफ्ट तिच्या मधून जाऊ शकतो, आणि बूटचा तळ उंच असतो. त्यामुळे मागच्या सीटखालच्या उभ्या पत्र्यापासून थेट मागच्या बंपरच्या पत्र्यापर्यंतचा तळ, लांब आडव्या खांबांसह, बदलणे हाच योग्य मार्ग आहे. जुन्या तळाला ठिगळे लावून सबफ्रेमची भोके पाडून दिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांत मी स्वतः बसणार नाही.

ग्राइंडरने सरळ रेषेत कापण्याचा मोह टाळावा. कारखान्याने जिथे पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड (ठिपक्याठिपक्यांनी जोड) केले आहेत, तिथेच ते सोडवावेत. प्रत्येक स्पॉट शोधून, वरचा थर फक्त कापणाऱ्या खास ड्रिलने तो मोकळा करावा. खालचा थर शाबूत राहिला पाहिजे. डोनर गाडीवर उलटे करावे, म्हणजे तिथे जो तळ आपल्याला हवा आहे तो शाबूत ठेवून इतर पत्रे बिनदिक्कत कापावेत. शेकडो स्पॉट असतात आणि हे काम कंटाळवाणे आहे, पण या पद्धतीने निघालेला तळ आपल्या गाडीत कारखान्याच्याच ओठांवर येऊन बसतो. जिथे लांबीचा खांब कापावाच लागतो, तिथे आतला आणि बाहेरचा पत्रा एकाच जागी कापू नये. दोन जोडांमध्ये अंतर ठेवावे आणि आतून पट्टी देऊन जोडावे.

या गोल्फची बॉडी जस्ताचा मुलामा दिलेली आहे आणि पत्रा आतून कुजून भोक पडण्याविरुद्ध कंपनीने 12 वर्षांची हमी दिली होती. गंजाच्या दृष्टीने ही चांगली बातमी असली, तरी वेल्डिंगला ती त्रासदायक आहे. जस्त जळून निघणारा पांढरा धूर अंगात भिनला की संध्याकाळी ताप भरतो आणि अंग मोडून येते. जोडाच्या जागेवरचे जस्त आधी घासून काढावे, योग्य फिल्टरचा मुखवटा लावावा आणि वारा खेळता ठेवावा. नवा तळ आधी चिमट्यांनी आणि काही स्क्रूंनी धरून, आराखड्यातली सर्व अंतरे पुन्हा मोजून, सबफ्रेम प्रत्यक्ष लावून पाहावी. अंतर एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त चुकत असेल तर पुढे जाऊ नये. त्यानंतरच दोन्ही बाजूंना आलटून पालटून थोडे थोडे वेल्ड करत जावे, म्हणजे उष्णतेने तळ एका अंगाला ओढला जात नाही. ज्यांना रचनात्मक वेल्डिंगचा सराव नाही, त्यांनी हा एक टप्पा प्रमाणित वेल्डरकडून करून घ्यावा. तपासनिसाला त्याची सही असलेला कागदही हवा असू शकतो.

प्रॉपशाफ्टच्या मधल्या बेअरिंगच्या बैठकीची जागा डोनर गाडीवरून मोजून घ्यावी आणि बोगद्यात तशीच मजबूत बैठक द्यावी. जोड थंड झाल्यावर प्रायमर, सीलर आणि पोकळ खांबांत मेण हे क्रमाने द्यावे. हे उरकून मगच यंत्राकडे वळावे.

गिअरबॉक्स आणि मागचा संच

बहुतेक साध्या गोल्फमध्ये पाच गिअरचा बॉक्स असतो. चारही चाकांसाठी 02एम हा सहा गिअरचा बॉक्स लागतो. फ्रंट व्हील ड्राइव्हच्या काही ताकदवान गाड्यांतही 02एम असतो, पण त्याला नुसता बेव्हल बॉक्स जोडून भागत नाही, कारण आतले डिफरन्शिअल आणि कवच दोन्ही वेगळे असतात. डोनर गाडीचा बॉक्स जसाच्या तसा घ्यावा आणि त्याबरोबर फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, माउंट आणि पुढचे ड्राइव्हशाफ्टही घ्यावेत. 02एममध्ये क्लच दाबणारा हायड्रॉलिक सिलिंडर बॉक्सच्या आत बेअरिंगसकट असतो. तो गळू लागला तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो, म्हणून जोडणीच्या वेळी नवाच घालावा. पुढची सबफ्रेमही डोनर गाडीची लावली तर बेव्हल बॉक्सभोवतीच्या जागेची चिंता उरत नाही.

मागे सबफ्रेम, हात, हब, डिफरन्शिअल आणि कपलिंग हा संच जमिनीवरच जुळवून नंतर वर चढवावा. रबरी बुश आणि चाकांची बेअरिंग याच वेळी बदलावीत. सस्पेन्शनच्या हातांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे कसावेत, नाहीतर नवे बुश पिळले जाऊन वर्षभरात फाटतात. ताणून कसायचे बोल्ट पुन्हा वापरू नयेत. कसण्याचे आकडे त्या त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

तेलाबाबत एक सूचना. गिअरबॉक्स, बेव्हल बॉक्स, मागचे डिफरन्शिअल आणि हॅल्डेक्स कपलिंग यांची तेले स्वतंत्र आहेत. कपलिंगला त्याचेच खास तेल लागते, आणि जुन्या गाडीतून काढलेल्या कपलिंगचा फिल्टर तर न विचारता बदलावा.

टाकी, एक्झॉस्ट, मागचे ब्रेक आणि हँडब्रेकच्या केबल या सर्व डोनर गाडीच्याच लावाव्यात. फोरमोशनची टाकी 62 लिटरची असते, साध्या गाडीची 55. खोगिराच्या दोन कप्प्यांपैकी एकातले इंधन दुसऱ्यात खेचून आणण्याची सोय टाकीतच असते. तिच्या नळ्या उलट जोडल्या तर निम्मी टाकी भरलेली असताना गाडी बंद पडते.

वायरिंग

हॅल्डेक्सला लागणारी वायरिंग डोनर गाडीच्या मुख्य हार्नेसमधून (तारांच्या जुडग्यातून) कापून न काढता प्लगपासून प्लगपर्यंत सोडवून काढावी. कायमचा वीजपुरवठा, चावीनंतरचा वीजपुरवठा, अर्थ, कॅनच्या दोन तारा, ब्रेक लाइट आणि हँडब्रेकचा संकेत एवढेच त्यात येते. कॅनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्याच राहिल्या पाहिजेत आणि त्या जोडताना मधली उघडी शेपटी लांब ठेवू नये. जोड सोल्डर करून उष्णतेने आवळणाऱ्या नळीत बंद करावेत. गाडीखालच्या ओलाव्यात चिकटपट्टी टिकत नाही.

एबीएसचा कंट्रोलर चारही चाकांच्या ओढीच्या गाडीचाच हवा. साध्या गाडीचा कंट्रोलर मागची चाके मोकळी फिरतात असे गृहीत धरून हिशेब करतो आणि मागे ओढ आली की त्याचे निष्कर्ष चुकतात. डोनर गाडीचा एबीएस संच बसवून, ब्रेकची हवा काढून, व्हीसीडीएससारख्या, गाडीतल्या संगणकांशी बोलणाऱ्या निदानाच्या साधनाने त्याचे कोडिंग करावे. मीटरचेही तसेच आहे: नव्या टाकीत दोन मापक असतात आणि जुना मीटर इंधन चुकीचे दाखवतो. आमच्या गाडीत काटा पाव टाकीवर असताना इंजिन थांबले, तेव्हा हे लक्षात आले.

सर्व जुळल्यावर निदानयंत्रात 22 या पत्त्यावर, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्हच्या कंट्रोलरवर, जावे. तो उत्तर देत नसेल तर वीजपुरवठा किंवा कॅन चुकला आहे. उत्तर देतो पण इंजिनाचे किंवा एबीएसचे संदेश मिळत नसल्याची तक्रार करतो, तर त्या त्या कंट्रोलरचे कोडिंग तपासावे. एकही दोष शिल्लक असताना गाडी रस्त्यावर नेऊ नये.

पहिली चाचणी

चारही चाके अधांतरी राहतील अशी गाडी लिफ्टवर किंवा भक्कम जॅक स्टँडवर घ्यावी, पुढून-मागून कोणी उभे राहू नये, आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिन निष्क्रिय वेगावर ठेवून चारही चाके एकाच दिशेने फिरतात का ते पाहावे. शाफ्टचा थरकाप, बेअरिंगचा आवाज, तेलाची गळती या तिन्हींकडे लक्ष द्यावे. मग चारही चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. टॉर्शन बीममध्ये मागे फारसे काही जुळवायचे नसते, या सस्पेन्शनमध्ये मात्र मागचा टो (चाकांचे आत-बाहेर वळणे) आणि कँबर (चाकांचे उभ्या रेषेपासून कलणे) दोन्ही जुळवावे लागतात.

कोरड्या डांबरावर फरक फारसा जाणवत नाही. ओल्या गवतावर किंवा खडीवर, बंद जागेत, सरळ रेषेत गाडी जोरात सोडावी. पुढची चाके क्षणभर घसरून लगेच पकड घेत असतील तर कपलिंग काम करत आहे. ती फिरतच राहिली तर बहुधा कपलिंगमधला विजेचा पंप बंद आहे किंवा फिल्टर तुंबलेला आहे, आणि वाईट भाग असा, की अशा वेळी गाडी कोणताही आवाज न करता पुन्हा फ्रंट व्हील ड्राइव्ह होऊन चालत राहते. म्हणून कपलिंगचे तेल दर 30,000 किलोमीटरला आणि फिल्टर दर 60,000 किलोमीटरला बदलावा. चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि जवळपास सारखेच झिजलेले असावेत. दोनच नवे घातले तर घेरातल्या फरकामुळे कपलिंगला सतत काम लागते.

पहिल्या 1,000 किलोमीटरनंतर गाडी पुन्हा लिफ्टवर घ्यावी आणि नव्या तळाच्या प्रत्येक जोडावर हात फिरवावा. सीलर किंवा रंगाला जोडाच्या रेषेत केसासारखी भेग दिसली, तर खालचा पत्रा हलतो आहे. ती भेग पुन्हा सीलरने भरू नये. तो जोड उघडून, आतला धातू पाहून, नव्याने वेल्ड होईपर्यंत गाडी उभी ठेवावी.